‘इसॉफॅगोगॅस्ट्रोड्युओडिनॉस्कोपी’ : शब्द तोडावा कोठे आणि उच्चारावा कसा?

प्रश्न : पेठेतली_वाचक (पुणे)

नारायण पेठेतील एका लहान मुद्रणालयासाठी मी मुद्रितशोधनाचे काम करते. सध्या हातात एक रुग्णपुस्तिका आहे. पोटाच्या दुर्बिणीच्या तपासणीला येणाऱ्यांनी किती तास उपाशी राहावे, कोणत्या औषधांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे, घशात फवारलेल्या औषधाची बधिरता उतरेपर्यंत पाणी का पिऊ नये, अशी माहिती तीत आहे. मजकूर स्वच्छ मराठीत लिहिलेला आहे. अडचण एकाच शब्दाची आहे आणि तो शीर्षकात दिला आहे.

पुस्तिकेची मांडणी दोन अरुंद स्तंभांची असल्यामुळे हा शब्द एका ओळीत मावत नाही. संगणकाने तो आपल्या मर्जीने तोडला आहे : एका ओळीच्या शेवटी ‘इसॉफॅगोगॅ-’ आणि पुढच्या ओळीच्या आरंभी ‘स्ट्रोड्युओडिनॉस्कोपी’. हे डोळ्यांना खटकते, पण का खटकते ते मला नेमके सांगता येत नाही आणि दुरुस्ती कोणत्या नियमाने करावी हेही ठरत नाही. अप्पा बळवंत चौकातून पूर्वी घेतलेला एक अमेरिकी कोश उघडून पाहिला, तर गोंधळ वाढला. त्यात मूळ शब्दाच्या मध्ये ठिपके देऊन त्याचे ११ तुकडे केले आहेत, पण पुढे कंसात जो उच्चार दिला आहे त्याचे तुकडे १२ भरतात. एकाच पानावर, एकाच शब्दासाठी दोन वेगळे हिशेब का असावेत?

दुसरा प्रश्न उच्चाराचा आहे. प्रतीक्षाकक्षात ऐकवण्यासाठी हाच मजकूर ध्वनिमुद्रित करायचा आहे आणि तो मीच वाचणार आहे. शब्द सलग म्हणू लागले की मध्येच कोठे तरी दम संपतो आणि पुढचा भाग घाईत गिळला जातो. जोर कोठे द्यावा आणि थांबायचेच असेल तर कोठे थांबावे?

‘हा शब्दच गाळा’ असा सल्ला कृपया देऊ नये. पुस्तिकेत इतरत्र सगळीकडे ‘दुर्बिणीची तपासणी’ असेच म्हटले आहे. परंतु संमतिपत्रावर हा शब्द पूर्ण छापलेला असतो आणि सही करणाऱ्याने तो आधी एकदा तरी वाचलेला व ऐकलेला असावा, असा ज्यांनी पुस्तिका लिहिली त्या डॉक्टरांचा आग्रह आहे. मला तो रास्त वाटतो.

प्रतिसाद : दुर्बीण_विभाग

मी याच तपासणीच्या विभागात तंत्रज्ञ आहे, त्यामुळे हा शब्द रोज लिहितो. पूर्ण उच्चारतो मात्र क्वचितच. आमच्याकडे ‘ओजीडी’ किंवा नुसते ‘स्कोपी’ एवढ्यावर काम भागते. रुग्णसुद्धा ‘माझी स्कोपी कितीला आहे?’ असेच विचारतात.

शब्द लांब असला तरी तो चार ओळखीच्या भागांचा आहे. ‘इसॉफॅगो’ म्हणजे अन्ननलिका, ‘गॅस्ट्रो’ म्हणजे जठर, ‘ड्युओडिनो’ म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि ‘स्कोपी’ म्हणजे पाहणे. दुर्बीण तोंडावाटे आत गेल्यावर ज्या क्रमाने हे अवयव लागतात, त्याच क्रमाने ते शब्दात आले आहेत, म्हणून पाठ करताना क्रम चुकण्याची भीती राहत नाही. ‘ड्युओडिनम’ या नावामागे लॅटिनमधील बारा हा आकडा आहे, कारण हा भाग सुमारे बारा बोटांच्या रुंदीइतका लांब मानला गेला.

अमेरिकी पुस्तकांत याच तपासणीला ‘ईजीडी’ म्हणतात आणि आपल्याकडे ‘ओजीडी’. दोन्ही एकच आहेत. ब्रिटिश लेखनपद्धतीत अन्ननलिकेच्या शब्दाच्या आरंभी ‘ओ’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरे येतात, अमेरिकी पद्धतीत ‘ओ’ गळतो. उच्चारात तो ‘ओ’ ब्रिटिशही म्हणत नाहीत. त्यामुळे आद्याक्षरे वाचताना ‘ओ’ म्हणायचे, पण पूर्ण शब्द वाचताना आरंभ ‘इ’ किंवा ‘ई’नेच करायचा. नव्याने रुजू होणारी मुले येथे हमखास ‘ओइसोफेगस’ म्हणतात.

माझ्या मते शब्द अवयवांच्या सीमेवरच तोडावा. ‘गॅस्ट्रो’चा ‘गॅ’ वर आणि ‘स्ट्रो’ खाली ठेवणे म्हणजे अर्ध्या जठराला एका ओळीत आणि अर्ध्याला दुसऱ्या ओळीत ठेवणे होय.

प्रतिसाद : भुजंगप्रयात

मी अनेक वर्षे महाविद्यालयात मराठी व्याकरण आणि भाषाविज्ञान शिकवले. प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत असे वाटते. प्रत्यक्षात त्या तीन आहेत. एक विभागणी अर्थाची, दुसरी बोलण्याची आणि तिसरी लिपीची. या शब्दात तिन्हींच्या रेषा वेगवेगळ्या ठिकाणी पडतात, आणि संगणकाने केलेली तोड आपल्याला खटकते याचे कारण त्याने केवळ लिपीची रेषा पाळली, बाकी दोन्ही मोडल्या.

अर्थाची विभागणी वर आलीच आहे. बोलण्याच्या विभागणीत १२ सिलेबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, येतात : इ, सॉफ्, अ, गो, गॅस्, ट्रो, ड्यू, ओ, डि, नॉस्, क, पी. शेवट नीट पाहावा. अर्थाच्या दृष्टीने ‘स्कोपी’ हा अखंड भाग आहे, पण इंग्रजी बोलणारा त्यातला ‘स्’ काढून मागच्या ‘नॉ’ला जोडतो. याला कारण आहे. इंग्रजीत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, असलेला ऱ्हस्व स्वर सिलेबलच्या शेवटी उघडा राहत नाही, त्याला मिटवायला एखादे व्यंजन लागते, आणि ते पुढच्या भागातून ओढून घेतले जाते. ‘फोटोग्राफी’चे इंग्रजीत ‘फ-टॉग्-र-फी’ होते ते याच ओढीने. तेथेही ‘ग्राफी’तला ‘ग्’ मागे गेला आहे.

व्यंजन मागे ओढले जाण्याची ही क्रिया मराठी वाचकाला परकी नाही. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर ऱ्हस्व असले तरी ते गुरू मोजावे, हा छंदाचा नियम आपण शाळेतच शिकतो. मनाच्या श्लोकांत ‘सज्जना’मधला ‘स’ आणि ‘भक्ति’मधला ‘भ’ हे लघु असूनही गुरू धरले जातात, कारण आपण लिहिताना ‘स-ज्ज-ना’ असे लिहितो तरी म्हणताना ‘सज्-ज-ना’ असेच म्हणतो. जोडाक्षराचा पहिला अर्धा भाग मागच्या अक्षरावर आदळतो. जेथे तो आदळत नाही, उदाहरणार्थ ‘तुझ्या’ किंवा ‘दुसऱ्या’ या शब्दांत, तेथे मागचे अक्षर लघुच राहते. म्हणजे लिपीतले अक्षर आणि बोलण्यातले अक्षर एक नसते, ही गोष्ट आपल्या छंदशास्त्राने केव्हाच ओळखली आहे; केवळ इंग्रजी शब्द समोर आला की आपण ती विसरतो. ‘गॅस्ट्रो’तही तेच घडते : लिहिताना ‘गॅ-स्ट्रो’, म्हणताना ‘गॅस्-ट्रो’.

आता कोशातील ११ आणि १२ यांच्याविषयी. शब्दातील ठिपके हे उच्चाराचे तुकडे दाखवण्यासाठी दिलेलेच नसतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर तो कोठे तोडता येईल, एवढेच ते सांगतात. आरंभीचे ‘ई’ हे एकच अक्षर ओळीच्या शेवटी एकटे टाकणे मुद्रणात बरे दिसत नाही, म्हणून त्याच्यानंतर ठिपका दिलेला नाही आणि एक तुकडा कमी भरला. उच्चारात मात्र ते स्वतंत्र सिलेबल आहे. या ठिपक्यांच्या बाबतीत अमेरिकी प्रथा साधारणपणे उच्चाराला धरून चालते, तर ब्रिटिश प्रथा शब्दाच्या घटकांना अधिक मानते. ‘फोटोग्राफी’ हा शब्द अमेरिकी ओळीत ‘टॉग्’च्या पुढे तुटेल, जुन्या ब्रिटिश ओळीत ‘फोटो’च्या पुढे. शिवाय काही कोश ‘सॉफ्’ असा मिटलेला तुकडा करतात आणि काही ‘सॉ’वरच थांबून ‘फ’ पुढे ढकलतात. दोघांचा ऐकू येणारा उच्चार एकच असतो. तेव्हा सीमारेषा नेमकी कोठे पडते यावर फार काळ घालवू नये. आघात कोठे आहे हे अधिक महत्त्वाचे.

आघाताचा नियम सोपा आहे आणि तो एकदा कळला की असे शेकडो शब्द सुटतात. ‘-ऑस्कोपी’, ‘-ऑग्राफी’, ‘-ऑलॉजी’, ‘-ऑटमी’, ‘-एक्टमी’ असे शेवट असलेल्या शब्दांत मुख्य आघात शेवटून तिसऱ्या सिलेबलवर येतो. येथे तो ‘नॉस्’वर आहे. ‘-आयटिस’ आणि ‘-ओसिस’ यांत तो शेवटून दुसऱ्यावर येतो : ‘अपेंडिसायटिस’मध्ये ‘साय’वर, ‘ट्युबरक्युलोसिस’मध्ये ‘लो’वर. ‘ग्राम’ने संपणारे शब्द मात्र या पंक्तीत बसत नाहीत. ‘इलेक्ट्रोकार्डिओग्राम’मध्ये जोर ‘कार’वर असतो, पण त्याचेच ‘ग्राफी’ झाले की तो उडी मारून ‘ऑग्’वर जातो. आपल्या शब्दात मुख्य आघाताखेरीज ‘सॉफ्’, ‘गॅस्’ आणि ‘ड्यू’ यांवर हलका जोर पडतो. हे चार टप्पे पकडले की मधली अक्षरे आपोआप हलकी होतात, आणि तेच इंग्रजीला हवे असते. ‘फॅ’ आणि ‘को’ ही आपण ठसठशीत लिहितो, पण बोलताना ती ‘फ’ आणि ‘क’ इतकीच उरतात. मराठीत शब्दागणिक ठरलेला आघात नसल्यामुळे आपण प्रत्येक अक्षराला सारखे वजन देतो आणि बाराही अक्षरे ठोकत गेल्यावर दम संपणारच.

आपल्या कोशातील जोराच्या खुणेविषयी एक सावधगिरी सांगतो. जेथे उच्चार साध्या रोमन अक्षरांत फोडून दिलेला असतो, अशा बऱ्याच अमेरिकी वैद्यकीय कोशांत ती तिरकी रेघ जोराच्या सिलेबलच्या नंतर असते. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उभी रेघ जोराच्या सिलेबलच्या आधी असते. कोशाच्या आरंभीचे स्पष्टीकरण न वाचता खूण पाहिली तर जोर एक घर पुढे किंवा मागे सरकतो.

प्रतिसाद : पेठेतली_वाचक

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. ठिपक्यांचा उलगडा झाला आणि खुणेविषयीची सूचनाही वेळेवर मिळाली. माझ्या कोशात ती नंतरच आहे आणि मी ती आधीची समजत होते.

तरीही एक शंका राहते. शेवटून तिसऱ्याचा नियम लावला तर ‘सोनोग्राफी’चे ‘सनॉग्रफी’, ‘अँजिओग्राफी’चे ‘अँजिऑग्रफी’ आणि ‘एंडोस्कोपी’चे ‘एंडॉस्कपी’ म्हणावे लागेल. पुण्यात असे म्हणताना मी डॉक्टरांखेरीज कोणाला ऐकलेले नाही, आणि डॉक्टरसुद्धा रुग्णाशी बोलताना ‘सोनोग्राफी’च म्हणतात. मग मुद्रणात आणि ध्वनिमुद्रणात मी नेमके कोणाचे ऐकावे?

प्रतिसाद : जुळारी

मुद्रणापुरते मी सांगतो. खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि आता संगणकावर पाने लावतो.

मराठी ओळीत शब्द तोडताना पहिला निर्बंध असा, की जोडाक्षर कधीही फोडू नये. ‘भुजंगप्रयात’ यांनी दिलेली ‘गॅस्-ट्रो’ ही बोलण्याची फोड योग्य असली तरी ओळीच्या शेवटी पाय मोडलेला ‘स्’ आणि त्यापुढे संयोगचिन्ह हे मराठी वाचकाला चालत नाही. म्हणून बोलण्याची विभागणी मुद्रणात येथे निरुपयोगी ठरते. लिपीची विभागणी एकटी वापरली तर आपल्या पानावर झाले तसे होते. उरते ती अर्थाची, आणि ती येथे उत्तम लागू पडते, कारण घटकांच्या सीमा जोडाक्षराच्या मधून जात नाहीत. ‘इसॉफॅगो-’ नंतर पहिली तोड, ‘गॅस्ट्रो-’ नंतर दुसरी. स्तंभ फारच अरुंद असेल तर ‘ड्युओडिनॉ-’ नंतर तिसरी चालेल, पण ती मी टाळीन, कारण ‘ड्युओडिनॉ’ हा तुकडा एकटा पाहिला तर अपुरा दिसतो.

हे करताना साधे संयोगचिन्ह टंकित करू नये. मजकूर पुढे-मागे सरकला की ते चिन्ह ओळीच्या मध्यभागी अडकून राहते आणि ‘इसॉफॅगो-गॅस्ट्रो’ असे छापले जाते. त्याऐवजी सॉफ्ट हायफन टाकावा. पानाच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच डिस्क्रिशनरी हायफन म्हणतात. तो शब्दात दडून राहतो आणि ओळ तेथे तुटली तरच दिसतो. तीनही सीमांवर तो टाकून ठेवावा, मग कोणती सीमा वापरायची ते स्तंभाची रुंदी ठरवील.

मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर मात्र अधिक जपावे. तेथे अर्धा ‘स्’ हे एक सुटे चिन्ह आणि ‘ट्रो’चे भाग ही दुसरी सुटी चिन्हे असतात. जोडाक्षर ही एक वस्तू आहे हे संगणकाला ठाऊकच नसते, आणि तो ते खुशाल मधोमध चिरतो. अशा वेळी आपोआप तोडण्याची सोय त्या परिच्छेदापुरती बंद करणे हाच उपाय आहे.

प्रतिसाद : दुर्बीण_विभाग

ध्वनिमुद्रणाविषयी माझे मत ‘भुजंगप्रयात’ यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. आघाताचा नियम तोंडी परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याने जरूर पाळावा. आमच्या प्रतीक्षाकक्षात मात्र जुन्नरहून पहाटेच्या एसटीने आलेले आजोबा असतात. ‘स्कोपी’ हा शब्द त्यांना ठाऊक असतो, कारण चिठ्ठीवर आणि दारावरच्या पाटीवर तो त्यांनी वाचलेला किंवा कोणाकडून वाचून घेतलेला असतो. ध्वनिमुद्रणात ‘नॉस्कपी’ ऐकू आले तर त्यातला हा एकमेव ओळखीचा भाग हरवतो. इंग्रजी उच्चार अचूक झाला आणि माणसाला आपली तपासणी ओळखता आली नाही, तर ध्वनिमुद्रणाचा उपयोग काय?

प्रतिसाद : भुजंगप्रयात

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याला भाषेच्या बाजूनेही आधार आहे. मराठीने ‘सोनोग्राफी’, ‘फोटोग्राफी’, ‘एंडोस्कोपी’ हे शब्द घेतले तेव्हा त्यांचे घटक अखंड ठेवले. इंग्रजीने आघातासाठी घटक मोडले. मराठी उच्चार म्हणजे इंग्रजी उच्चाराची बिघडलेली नक्कल नव्हे. त्याला स्वतःची शिस्त आहे आणि ती प्रत्येक नव्या शब्दाला सारखीच लागू होते. तेव्हा मराठी वाक्यात वाचताना ‘इसॉफॅगो, गॅस्ट्रो, ड्युओडिनो-स्कोपी’ असे म्हणावे. ‘इसॉफॅगो’ आणि ‘गॅस्ट्रो’ यांच्यानंतर किंचित थांबावे, श्वास मात्र तेथे घेऊ नये. तो शब्दाच्या आधी भरून घ्यावा. ‘स्कोपी’ स्पष्ट उच्चारावे. लेखनात ‘डिनॉस्कोपी’ आणि वाचनात ‘डिनोस्कोपी’ अशी तफावत नको वाटत असेल, तर पुस्तिकेतही ‘ओ’च लिहावा; मराठीत ‘एंडोस्कोपी’ लिहिणाऱ्याने येथे ‘ऑ’ लिहिण्याचे खरे तर कारण नाही.

स्वराघात सोडता येतो, व्यंजने सोडता येत नाहीत. ‘इसॉफॅगो’मध्ये ‘ग’ आहे, कारण पुढे ‘ओ’ आहे. त्याच नलिकेचे विशेषण ‘इसॉफॅजिअल’ होते, कारण तेथे पुढे ‘ई’ आहे. ‘लॅरिंगोस्कोपी’ आणि ‘लॅरिंजायटिस’ यांतही हाच फरक आहे. मूक अक्षरांचेही तसेच आहे. ग्रीक शब्दाच्या आरंभी ‘पी’ आणि ‘टी’ लागोपाठ आले की ‘पी’ मूक राहतो, म्हणून पापणी ओघळण्याच्या विकाराला ‘टोसिस’ म्हणतात. खोकल्यातून रक्त पडण्याला मात्र ‘हिमॉप्टिसिस’, कारण तेथे ‘प्’ला मागचे सिलेबल मिटवण्याचे काम मिळते आणि तो ऐकू येतो.

प्रतिसाद : पेठेतली_वाचक

डॉक्टरांना विचारून ‘ड्युओडिनोस्कोपी’ असे लेखन मान्य करून घेतले आणि तिन्ही ठिकाणी सॉफ्ट हायफन टाकले. आता स्तंभात ‘इसॉफॅगोगॅस्ट्रो-’ वर आणि ‘ड्युओडिनोस्कोपी’ खाली अशी तोड पडते. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आणखी एक शब्द आहे : ‘कोलँजिओपँक्रिआटोग्राफी’. त्यालाही हीच रीत लावावी ना? मूळ इंग्रजीत आरंभी ‘सीएच’ आहे, म्हणून एका सहकाऱ्यांनी ‘चोलँजिओ’ अशी दुरुस्ती सुचवली आहे.

प्रतिसाद : भुजंगप्रयात

रीत तीच लावावी, दुरुस्ती मात्र स्वीकारू नये. तो ‘सीएच’ ग्रीकमधून आलेला आहे आणि ‘कोलेस्टेरॉल’मध्ये आहे तसा त्याचा उच्चार ‘क’ होतो. ‘कोल’ म्हणजे पित्त, ‘अँजिओ’ म्हणजे वाहिनी, ‘पँक्रिआटो’ म्हणजे स्वादुपिंड. पहिले दोन घटक एकमेकांत इतके मिसळले आहेत, की ‘ल’ उच्चारात पुढच्या ‘अँ’कडे जातो. त्यामुळे तेथे तोडू नये : ‘कोलँजिओ-’, मग ‘पँक्रिआटो-’, मग ‘ग्राफी’. इंग्रजीत त्याची १० सिलेबल होतात आणि जोर ‘टॉग्’वर, म्हणजे पुन्हा शेवटून तिसऱ्यावरच येतो, मराठीत वाचताना ‘टो’ आणि ‘ग्राफी’ वेगळे ठेवावेत.